पाचव्या विभागाची ज्योत

मी, खाली सही करणारी, वय ४७ वर्षे, व्यवसाय नोकरी (वृद्धनिवासातील गरम व थंड हवेच्या यंत्रणेची देखरेख), राहणार वृद्धनिवासाच्या मागील कर्मचारी वसाहत, खोली नंबर तीन, आज सकाळी १०.४० वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती राहतो. शेजारच्या खोलीत दीर आणि धाकटी जाऊ राहतात. स्वयंपाक एकत्र आहे. जाऊ त्याच वृद्धनिवासात वरच्या मजल्यावर मदतनीस आहे. तिला तिथे मीच चिकटवून दिले, त्याला चार वर्षे झाली. माझी स्वतःची नोकरी अकरा वर्षांची आहे. मला तिथे सगळे पॅनेलबाई म्हणतात.

इमारतीचे सहा विभाग आहेत. जिन्याखालच्या खोलीत भिंतीवर पॅनेल आहे आणि त्यावर प्रत्येक विभागाची एक ओळ असते. डावीकडचा आकडा म्हणजे खोलीत आत्ता किती अंश आहेत, उजवीकडचा म्हणजे किती हवेत. मधे ज्योतीचे चिन्ह असले तर त्या खोलीत गरम हवा जात आहे. ज्योत लुकलुकत असली तर खोलीने हवा मागितली आहे, पण तिची पाळी यायची आहे. चिन्हच नसले तर खोलीला काही नको आहे. बिघाड झाला की ओळ लाल होते. नवीन माणसे लाल ओळीला घाबरतात. मी घाबरत नाही, कारण ओळ लाल झाल्यावर काय करायचे ते ठरलेले असते.

डावीकडचा आकडा खोलीच्या दाराजवळ बसवलेल्या पांढऱ्या डबीकडून येतो. पॅनेलला खोली कळत नाही, डबी सांगेल तेवढेच कळते.

पाचवा विभाग म्हणजे वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली एकच खोली. तिथे मास्तर राहतात. वय ८४. उठून बसायलाही त्यांना माणूस लागतो, पण जीभ शाबूत आहे. मी दिसले की, पॅनेलबाई, आज पाचवी पास की नापास, असे विचारतात. त्यांना बारा महिने थंडी वाजते. उजवीकडचा आकडा व्यवस्थापकांनी सगळीकडे बावीसवर कुलूपबंद केला आहे. मला तो वीसपर्यंत खाली आणता येतो, वर नेता येत नाही. मास्तरांसाठी दोन अंश वाढवून द्या, असे मी व्यवस्थापकांना तीन वेळा सांगितले. तीनही वेळा बघू म्हणाले.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मी जावेला एक युक्ती शिकवली. ओला नॅपकिन त्या डबीवर टाकायचा. डबीला वाटते खोली गार आहे, ज्योत लागते, गरम हवा सुटते. अर्ध्या तासात नॅपकिन वाळतो, आकडा आपोआप चढतो आणि ज्योत विझते. तोवर मास्तरांना जरा ऊब मिळते. यात धोका नाही असे मी तिला सांगितले होते. नॅपकिन वाळतो, हीच त्यातली सगळी सुरक्षितता होती.

काल सकाळी ११.१५ वाजता जावेने नॅपकिनऐवजी जाड टॉवेल लावला आणि त्याचे टोक खालच्या फळीवरच्या पाण्याच्या मगमध्ये सोडले, म्हणजे तो वाळू नये. तिचा विचार लवकर परत येऊन काढण्याचा होता. ११.४० वाजता दुसऱ्या खोलीतल्या आजी न्हाणीघरात पडल्या आणि जावेला त्यांच्याबरोबर गाडीत बसवून दवाखान्यात पाठवले. घाईत ती कुणाला काही बोलली नाही. पाण्याच्या मगची गोष्ट मला नंतर कळली. बारा वाजता दुसऱ्या मदतनीस बाईने मास्तरांचे जेवण नेले. ते झोपलेले दिसले म्हणून ती ताट झाकून, दार ओढून आली.

मी खोलीत केव्हा गेले असे विचारले. दुपारी २.२६ वाजता गेले. दाराची मूठ गरम लागली. आतली हवा तोंडावर आली तेव्हा मला श्वास घेता येईना. मास्तरांच्या अंगावर दोन पांघरुणे होती, एक अर्धे खाली लोंबत होते. त्यांचा उजवा हात घंटीच्या दोरीकडे होता. दोरी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बांधलेली असते.

मी आधी टॉवेल काढला आणि मगमधले पाणी मोरीत ओतले. नंतर खिडकी उघडली. नंतर हाक मारली. हा क्रम मला विचारला म्हणून सांगते.

मास्तर काल दुपारपासून रुग्णालयात आहेत. शुद्धीवर आलेले नाहीत. त्यांच्या मुलीने तक्रार दिली आहे. काल चार वाजता व्यवस्थापकांनी मला बोलावून पॅनेल बिघडले होते ना, असे विचारले. तेच सांगा, तुमच्या जावेचीही मान सुटेल, असे ते म्हणाले. तेव्हा मला ते पटले. मी घाबरलेली होते, आत्ताही आहे. जाऊ बाहेर बाकावर बसली आहे. तिचा जबाब माझ्याआधी झाला, आणि ती माझ्याकडे बघत नाही.

पॅनेलवर काय दिसत होते असे विचारले. मी तासातासाला बघते. १२.३० वाजता पाचव्या ओळीवर डावीकडे सतरा होते, ज्योत स्थिर होती. मला वाटले नॅपकिन लावला असेल, वाळेल. १.१० वाजता अठरा होते, ज्योत स्थिर. बाकी पाचही ओळींवर चिन्ह नव्हते, म्हणजे यंत्राची सगळी गरम हवा त्या एका खोलीत जात होती. चाळीस मिनिटे सगळी हवा घेऊन एकच अंश वाढलेली खोली मी अकरा वर्षांत पाहिलेली नाही. अशी खोली नसते. डबीवर काहीतरी ओले आहे आणि ते वाळत नाही, याचा दुसरा अर्थ होत नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात आले. जाऊ येऊन काढेल असे मी मनाला सांगितले. ती गाडीत बसून गेलेली मी जिन्याखालून पाहिली होती.

२.१५ वाजता परत सतरा होते. वर जायला जिन्याच्या अठरा पायऱ्या आहेत. मी गेले नाही. मी पॅनेलसमोर उभी राहून उजवीकडचा आकडा खाली आणायला लागले. तो वीसला अडला. सतरा विसाच्या खालीच आहेत, त्यामुळे ज्योत विझणार नव्हती, हे मला माहीत होते. तरी मी बटण दाबत होते. मुख्य बटण बंद केले असते तर व्यवस्थापकांच्या खोलीत घंटा वाजली असती आणि सगळे वर धावले असते. मी ते बंद केले नाही. वर काय असेल ते मला बघायचे नव्हते. अशी अकरा मिनिटे गेली.

तीन वाजता जाऊ परत आली. मास्तरांना गाडीत घालत होते ते तिने पाहिले. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही खालीच होतात ना? तुम्हाला दिसलं नाही?"

मी म्हणाले, "नाही गं, काहीच दिसलं नाही."

ते खोटे होते. तिचा टॉवेल माझ्या युक्तीचा होता आणि तो काढायला वेळेवर पोहोचू शकेल असे त्या इमारतीत एकच माणूस होते. हे तिला माझ्याकडून कळावे अशी माझी इच्छा होती, पण काल धीर झाला नाही. आता तिला कागदावरून कळेल.

माझा जबाब संगणकावर घेतला व मला सावकाश वाचून दाखवला. त्यात पॅनेलमध्ये बिघाड असावा असे एक वाक्य होते. ते मी सांगितलेले नाही, म्हणून काढायला लावले. पॅनेल बरोबर होते. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे.