हरवलेल्या बाईच्या नावात दुरुस्ती

पुरवणी जबाब, दिनांक २० सप्टेंबर २०२५, वेळ सकाळी ११.२०

मी, विद्याधर दत्तात्रय खांबेटे, वय ७२ वर्षे, धंदा काही नाही, विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून निवृत्त, राहणार स्नेहवर्धिनी सोसायटी, दुसरा मजला, मुलुंड पूर्व, आज पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता हजर होऊन समक्ष सांगतो की, मी वरील पत्त्यावर १९८४ पासून राहतो. घरी मी व पत्नी असे दोघेच असतो. मुलगी गंधाली लग्नानंतर बोरिवलीला असते. माझी पत्नी गुरुवार, ११ सप्टेंबर रोजी माळशेज घाटातून बेपत्ता झाली. त्याबाबत माझा पहिला जबाब तिकडच्या पोलिसांनी त्याच दिवशी संध्याकाळी घेतला आहे. त्यात मी खोटे काही सांगितले नाही. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. ती सांगण्यासाठी आलो आहे. हा जबाब आजच्या आज तिकडे पाठवावा.

पत्नीचे वय ६७ वर्षे. तिला तीन वर्षांपासून विसरण्याचा आजार आहे. आधी गॅस विसरायची, मग किल्ल्या, मग माणसे. गेल्या वर्षीपासून नाव विचारले की ती रतन असे सांगू लागली. रतन कोण, असे विचारल्यावरून सांगतो की, ते तिचे माहेरचे नाव. आमचे लग्न मे १९७९ मध्ये झाले. वरात घरी आल्यावर रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले, मी त्यात अंगठीने ‘शुभा’ अशी अक्षरे काढली, साखर वाटली, आणि त्या दिवसापासून ती शुभा झाली. नाव माझ्या आईने ठरवले होते. तेव्हा आम्ही चाळीत राहत होतो आणि समोरच्याच खोलीत रतन नावाचे एक मिशीवाले गृहस्थ होते, त्यामुळे सुनेचे तेच नाव घरात कोणालाही नको होते. तिला विचारले होते का, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. तेव्हा विचारत नसत.

डॉक्टरांनी मला बजावले होते की, त्या म्हणतील ते म्हणू द्या, खोडून काढू नका. मी ऐकले नाही. रोज सकाळी चहाच्या वेळी मी तिला नाव विचारत असे. ती रतन म्हणे. मी शुभा म्हणे. असे तीन-चारदा झाल्यावर ती शुभा म्हणे आणि मगच मी कप तिच्यापुढे सरकवत असे. नोकरीत मी तीस वर्षे ‘नावात फरक’ असा शेरा मारून लोकांच्या फाइली परत पाठवल्या, त्यामुळे अशा बाबतीत माझा हट्ट असतो, हे गंधालीही सांगेल. पण खरे कारण ते नाही. रतनचे लग्न झालेले नाही. ती रतन असेल तर मी तिचा कोणी लागत नाही. मला त्याची भीती वाटत होती. हे वाक्य जबाबात घ्यायचे का, असे पोलीस शिपाई बाईंनी विचारले. घ्यावे.

फिरायला नेण्याची कल्पना गंधालीची. ऑगस्टमध्ये आम्ही आईला जुहूला नेले होते, तर ती पाण्याकडे पाठ करून उभी राहिली आणि डोंगर कुठे गेले, असे विचारू लागली. तिचे माहेर माळशेजच्या वर, मढच्या पुढे होते. आता तिथे कोणी नाही. घर विकून तीस वर्षे झाली. गंधाली म्हणाली, “बाबा, गर्दी नसेल अशा दिवशी गाडी करून तिला घाटात तरी नेऊन आणा. धबधबे बघा, कणसं खा, दिवेलागणीला परत या.” तिला रजा मिळाली नाही म्हणून आम्ही दोघेच गेलो. गाडी आमच्या ओळखीच्या लहू भानजी याची. तो वेसाव्याचा कोळी आहे. वडिलांची होडी विकल्यावर त्याने ही गाडी घेतली. यापूर्वी चार-पाच वेळा इस्पितळात जाण्यासाठी आम्ही त्याचीच गाडी केली होती. त्याच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही.

सकाळी ७.१० वाजता निघालो. पत्नीच्या अंगावर जांभळी सुती साडी, निळा स्वेटर, पायात तपकिरी चपला. गंधालीने नाव, पत्ता, फोन नंबर लिहिलेले कार्ड आईच्या पर्समध्ये घातले होते. कार्डावर ‘शुभा विद्याधर खांबेटे’ असे लिहिले आहे. पर्स गाडीतच राहिली.

कल्याण सोडल्यावर पत्नी लहूला म्हणाली, “तू कुणाचा रे?”

तो म्हणाला, “मी वेसाव्याचा, काकी.”

“मी रतन. दातेमास्तरांची.”

“रतन? झकास नाव हाय की, काकी!”

मी लहूला सांगितले की नाव शुभा आहे.   मुरबाडला आम्ही वडा-पाव खाल्ला, तिने अर्धा टाकला. ८.५५ ला तिथून निघालो. घाट लागल्यावर ती सावरून बसली आणि काचेला कपाळ लावून बाहेर बघू लागली. एका ठिकाणी म्हणाली, “आता मारुती येईल.” पुढच्या वळणावर शेंदूर लावलेला मारुती आला. तीन वर्षांत तिने पुढे काय येणार हे बरोबर सांगितल्याचे मला आठवत नाही. मी तिला बरोबर असे म्हणालो नाही. मी म्हणालो, नीट बस, डोके आपटेल. मग तिने विचारले, “घरी चाललो ना आपण?” मी म्हणालो, “घरी संध्याकाळी.” ती कोणत्या घराबद्दल विचारत होती हे मला तेव्हाही कळत होते.

१०.५० वाजता धबधब्याजवळच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. मी पत्नीला रस्त्याच्या आतल्या बाजूस दगडी कट्ट्यावर बसवले. लहू गाडीची काच पुसत होता. दहा-बारा पावलांवर कणसे भाजणारी टपरी होती. तिला लिंबू-मीठ चोळलेले कणीस आवडते. मी तिला, “अगं, हलू नकोस, आलोच,” असे सांगून गेलो. टपरीवर माझ्यापुढे दोन गिऱ्हाइके होती. कणीस हातात आले तेवढ्यात दरीतून धुके वर आले. हातातले कणीस दिसत होते, त्यापुढचे काही दिसत नव्हते. मी हाताने चाचपत कट्ट्यापर्यंत आलो तेव्हा तिथे ती नव्हती. वेळ ११.०५.

लहूने मला कट्ट्यापाशी धरून उभे केले. तो म्हणाला, “काका, धुक्यात सगल्यांनी फिरायचा नाय. तुमी हितंच उभे राहा, हाका मारत राहा. आवाज एकाच जागेवरून गेला पायजे, म्हंजे हरवलेल्याला दिशा कलते. दर्यावर आमी तसाच करतो.” त्याने गाडीचा हॉर्न मध्ये मध्ये वाजवला आणि तो स्वतः कठडा धरून पुढे बघून आला. मी शुभा, शुभा अशा हाका मारत होतो. तोही शुभाकाकी असे ओरडत होता. टपऱ्यांवरची माणसेही ओरडू लागली. असे पाऊण तास चालले.

आता जे सांगितले नव्हते ते सांगतो. साधारण ११.२० वाजता लहू माझ्याजवळ येऊन म्हणाला, “काका, काकी गाडीत रतन म्हणत होत्या ना? त्या नावाने मारूया का हाक?”

मी म्हणालो, “तिचं नाव शुभा आहे.”

तो म्हणाला, “एकदा मारून बघू ना, काका. काय जातंय?”

मी त्याच्यावर ओरडलो. “मी सांगतो तेच कर,” असे म्हणालो. तो माझ्यापेक्षा वयाने निम्म्याहून लहान आहे आणि त्या दिवशी माझ्या भाड्याने आलेला होता. त्याने मी सांगितले तेच केले.

धुके १२ च्या सुमारास ओसरले. त्यानंतर पोलीस आले व गावातली माणसेही आली. शोध घेताना सगळ्यांना शुभा हेच नाव सांगण्यात आले. ओळखीसाठी फोटो मी दिला. तो गंधालीच्या लग्नातला, बारा वर्षांपूर्वीचा. त्यात पत्नीचे केस काळे असून नाकात नथ आहे. अलीकडचा फोटो का दिला नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, अलीकडच्या फोटोंत ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. मला तो फोटो आवडतो.

१२ तारखेस घाटाच्या वरच्या अंगाला, मढच्या दिशेने सुमारे दोन किलोमीटरवर, दरीच्या बाजूस तपकिरी चप्पल मिळाली. डाव्या पायाची. ती मी ओळखली आहे. १४ तारखेस पावसामुळे दरीतला शोध थांबवला. १६ तारखेस पुन्हा सुरू झाला व १७ तारखेस थांबला. त्यानंतर मला कोणी फोन केलेला नाही. मी रोज करतो. परवा तिकडून एकजण म्हणाले, “आजोबा, आम्ही कळवू.” आवाजावरून तो मुलगा भला वाटला.

काल, १९ तारखेस लहू स्वतःहून पुन्हा घाटात गेला. मी त्याला सांगितले नव्हते. त्याने त्याच्या मोबाइलमध्ये मुरबाडला काढलेला पत्नीचा फोटो दाखवत प्रत्येक टपरीवर विचारले की, रतन नावाची बाई कोणी पाहिली का. तिसऱ्या टपरीवर सरूबाई नावाची बाई चहा विकते. ती टपरी आमच्या कट्ट्यापासून तीस-चाळीस पावलांवर आहे. सरूबाईने फोटो लगेच ओळखला. पोलिसांनी तिला आधी विचारले होते, पण शुभा नावाची आणि नथ घातलेली बाई तिने पाहिलेली नव्हती. त्यामुळे तिने नाही म्हणून सांगितले होते. तिचेही काही चुकले नाही.

लहूने फोन लावून माझे सरूबाईशी बोलणे करून दिले. ती जे बोलली ते मला आठवते तसे सांगतो. पत्नी धुक्यात तिच्या टपरीत शिरली व आतल्या खुर्चीवर बसली. सरूबाईने तिला चहा दिला. नाव विचारले, तर रतन म्हणाली. कुठे जायचे विचारले, तर घरी म्हणाली. अर्धा तास तरी ती तिथे बसली होती. माझ्या हाका तिला ऐकू येत होत्या. सरूबाई म्हणाली, “आजी मला म्हनली, बाई गं, कुनीतरी कवाचं बोलवतंय बघ शुभाला. ती बया ओ का देईना? किती तो ओरडतोय बिचारा, घसा बसला त्याचा.” मग ती उठली. जाताना, सापडलं पाहिजे गं त्याचं माणूस, असे म्हणाली. मढ कोणत्या अंगाला, असे तिने विचारले. सरूबाईने हात करून दाखवले. धुके अजून होते. ती वरच्या बाजूला चालत गेली.

सरूबाईने फोनवर मला विचारले, “तुमीच वरडत व्हता का, बाबा?” मी हो म्हणालो. 

माझे मागणे असे की, बेपत्ता व्यक्तीच्या नोंदीत नाव दुरुस्त करावे. ‘शुभा’ खोडून टाकू नये, आधारकार्डावर तेच आहे, परंतु वर ठळक ‘रतन’ असे लिहावे. लहूच्या मोबाइलमधला फोटो लावावा. मढपासून पुढच्या प्रत्येक गावात, देवळात, शाळेत व इस्पितळात रतन दाते या नावाने विचारावे. पुन्हा दरीत माणसे उतरली तर त्यांनी याच नावाने हाक मारावी. आता दहावा दिवस आहे व चप्पल कुठे मिळाली हे मला माहीत आहे. या मागण्याचा काही उपयोग आहे असे मला वाटत नाही. तरी करतो.

आपण स्वतः त्या नावाने हाक मारली आहे का, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. काल रात्री व आज सकाळी घरात प्रयत्न केला. सकाळी सवयीने दोन कप चहा केला, दुसरा कप समोर ठेवला आणि म्हणून बघितले. मोठ्याने निघाले नाही. शेहेचाळीस वर्षांत ते नाव माझ्या तोंडात बसलेलेच नाही.

रतन केशव दाते हिच्याशी आपले नाते काय, असे नोंदीसाठी विचारल्यावरून सांगतो की, पती. ही बाब तिला माहीत नाही.

माझा वरील जबाब संगणकावर टंकलिखित करून पोलीस शिपाई बाईंनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. वाचताना त्यांनी रतन हे नाव जिथे जिथे आले तिथे स्पष्ट, मोठ्याने घेतले. बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेले असेल. मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम असून त्यात फरक नाही.

सही
विद्याधर दत्तात्रय खांबेटे