एकतिसाव्या धड्याच्या रेकॉर्डिंगबाबत

मी, वय ६७ वर्षे, धंदा पूर्वी छापखान्यात मुद्रितशोधक, आता निवृत्त, राहणार प्रार्थनामंदिरासमोरील इमारत, तिसरा मजला, आज गुरुवारी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वरील पत्त्यावर एकटाच राहतो. पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. चार वर्षांपासून मी बायबलचे धडे लिहून त्यांचे पॉडकास्ट करतो, म्हणजे ते रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकतो, कोणीही फोनवर ऐकू शकतो. सुरुवातीला धडे मीच वाचायचो. माझा आवाज घोगरा आहे. ऐकणारे अकरा जण होते, त्यातले दोन माझे मेहुणे.

आठ महिन्यांपूर्वी आमच्या चर्चच्या पाळकांनी धडे वाचण्यासाठी एका बाईंची ओळख करून दिली. वय अंदाजे चौतीस. त्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असतात व महिला वसतिगृहात राहतात. मंगळवारी दुपारनंतर दुकान बंद असते, म्हणून तीनची वेळ ठरली. त्यांची एकच अट होती. नाव, फोटो, शहर, काहीही टाकायचे नाही. मी तसे काही टाकले नाही.

रेकॉर्डिंग आतल्या खोलीत होते. कपाटाची दारे उघडी ठेवून कपड्यांसमोर माईक लावतो, म्हणजे आवाज घुमत नाही. पंखा आणि फ्रीज बंद करतो, खोलीचे दार लावून घेतो. धडा मी आठवडाभर लिहितो. बाई आधी एकदा मोठ्याने वाचून पाहत. "काका, एवढं लांब वाक्य वाचायचं तर मला ऑक्सिजन लावा," असे म्हणत. मी वाक्य तोडून देई. चाळीस वर्षे मी लोकांच्या चुका काढल्या, माझ्या कोणी काढल्या नव्हत्या. अशा प्रकारे तीस धडे झाले. ऐकणारे चारशेच्या वर गेले.

गेल्या महिन्यात एका इसमाचा ईमेल आला. आई अंथरुणाला खिळली आहे, तिला रोज एक धडा ऐकवतो, असे त्यात होते. पुढे लिहिले होते की वाचणाऱ्या ताई छान वाचतात, पण खरी कमाल लिहिणाऱ्याची आहे, धडे कोण लिहितं? हा मजकूर मी तीन-चार वेळा वाचला व त्याच दिवशी उत्तर पाठवले. त्यानंतर त्याची आणखी पाच पत्रे आली. प्रत्येक पत्रात तो एखाद्या धड्यातली ओळ उतरवून तिच्याबद्दल प्रश्न विचारी. असे आजवर कोणी विचारले नव्हते. शेवटच्या पत्राच्या उत्तरात मी त्याला घरचा पत्ता कळवला आणि मंगळवारी तीनच्या आत या, वाचणाऱ्या बाईही भेटतील, असे लिहिले. त्याने पत्ता मागितला नव्हता. बाईंना मी काही बोललो नाही. गंमत होईल, असे मनात होते.

परवा मंगळवारी दुपारी २.४० वाजता सदर इसम आला. इस्त्रीचा शर्ट, हातात सफरचंदांची पिशवी, बोलणे मऊ. मी चहा केला. रेकॉर्डिंग कुठं करता असे त्याने विचारल्यावर मी आतली खोली दाखवली. "मी इथंच बसतो, अजिबात आवाज करणार नाही," असे म्हणून तो दारामागच्या खुर्चीवर बसला. मी रेकॉर्डिंगचे मशीन सुरू करून आवाजाची पातळी पाहिली व ते तसेच चालू ठेवले.

३.०५ ला बाई आल्या. धडा नहेम्याच्या पुस्तकातला होता, यरुशलेमेची भिंत कोणी कोणी बांधली त्याचा. "काका, आज नुसती नावंच नावं. माझ्या जिभेला गाठ पडणार," असे म्हणून पाणी पिऊन त्या आत गेल्या. मी फ्रीज बंद करायला स्वयंपाकघरात गेलो. दार लागल्याचा आवाज आला. दार रोजच लावतो. मी बाहेरच थांबलो. दोघांची ओळख होऊ द्यावी, असे वाटले.

आज ठाण्यात मला ते रेकॉर्डिंग ऐकवण्यात आले. दोन्ही आवाज मी ओळखले. बाई आत गेल्यावर पहिली चार मिनिटे इसम हळू आवाजात बोलतो. बाई म्हणतात, "काकांना आत बोलावते." तो म्हणतो, "काकांनीच बोलावलंय मला." त्यानंतर पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये बाईंनी मला एकदाही हाक मारलेली नाही.

खुर्ची पडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. दाराला आतून कडी होती. मी दार वाजवले. इसम म्हणाला, "घरचा मामला आहे, काका. बायकोला न्यायला आलोय." मी खालच्या सुताराला हाका मारल्या. तो पटाशी घेऊन आला. कडी उचकटायला दोन-तीन मिनिटे लागली. बाई कपाटात, कपड्यांच्या आत बसलेल्या होत्या. उजवा हात कोपराखाली मोडला होता, ओठ फाटला होता. त्या रडत नव्हत्या. सुताराने इसमास जिन्यात धरून ठेवले. ३.४० ला पोलीस आले.

मी रुग्णालयात सोबत गेलो. बाईंच्या हाताला प्लास्टर झाले. नंतर म्हणाल्या, "टेबलावर दोन कप होते. चहा दिलात त्याला?"

मी हो म्हणालो.

"सगळे धडे काढून टाका."

मी तिथेच बाकावर बसून फोनवरून तीसही धडे काढले. काढून झाले हे सांगायला गेलो तर त्यांनी भिंतीकडे तोंड केले होते. बुधवारी सकाळी त्यांचा जबाब घ्यायला पोलीस गेले तेव्हा खाट रिकामी होती. वसतिगृहातही त्या नाहीत. मी त्यांना फूस लावून ठेवले होते, हे सदर इसमाचे म्हणणे खोटे आहे. बाई आता कुठे आहेत ते मला माहीत नाही. मला सांगतील असे वाटत नाही.

येथवरचा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सही करण्यापूर्वी मी स्वतःहून पुढील मजकूर वाढवण्यास सांगितले: नवरा मारतो, तीन शहरे बदलली तरी शोधत येतो, आणि म्हणून नाव द्यायचे नाही, हे बाईंनी मला पहिल्याच मंगळवारी सांगितले होते. पत्ता कळवताना ते मला आठवत होते. हेही वाचून दाखवले. बरोबर आहे.