वेनिंगच्या पाठची

हॅलो?… कोण?… जरा मोठ्यानं बोल, कोंबड्या ओरडताहेत… वेनिंग? अगं, तू? तुला साडेदहाला आत नेणार होते ना?

हो, बुलिकच बोलतेय, तुझी मावशी. तुझ्या आईच्या पाठची मी एकटीच तर उरलेय, दुसरं कोण उचलणार फोन? माझा तुगिमान शेतावर गेलाय… हळू. हळू बोल. रडू नकोस. कुठं आहेस?

कुठं?… संडासात?

कडी लावून?… आणि तो हॉस्पिटलचा झगा घालून. मागून बंद तरी होतो का तो?… नाही ना. मग बस तशीच, भिंतीला पाठ लावून. कोणी बघत नाही.

प्रास्तोवो कुठाय?… दार वाजवतोय. वाजवू दे. लग्न झाल्यापासून तूच त्याची वाट बघत आलीस, आज त्याला बघू दे… हं, हसलीस. बरं वाटलं.

आता ऐक. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं, ते मला पुन्हा सांग… हो… दुर्बीण घालून गर्भाची पिशवी आतून बघायची. अस्तर थोडं खरवडायचं, तपासायला पाठवायचं… किती वेळ?… वीस मिनिटं. वेनिंग, वीस मिनिटांत माझा भात होत नाही.

हो, हो… ते ठाऊक आहे मला. पाळी जाऊन चौदा महिने झाले आणि पुन्हा रक्त दिसलं. म्हणूनच बघायला हवं ना. तुझ्या आईनं काय केलं? ‘या वयात असंच होतं, थांबेल’ म्हणायची. सगळ्यांच्या आधी उठून विहिरीवर जायची आणि आपले कपडे वेगळे धुवायची. मला दिसायचं. दोरीवर वाळत घातलेलं नसायचं काही, चुलीमागे असायचं. मी विचारलं नाही कधी. तिला गेल्याला किती वर्षं झाली?… अकरा. त्याच रक्तानं नेलं तिला.

नाही, तुला घाबरवत नाहीये. तू तशीच घरी परत गेलीस ना, तर मात्र मी घाबरेन.

मग भीती कशाची आहे? दुखण्याची?… नाही. तपासणीत काय निघेल त्याची?… तीही नाही?

भुलीची.

अगं… बावन्न वर्षांची झालीस… नाही, हसत नाही. सांग… डोळे मिटले की काळोख होईल. आणि तिथं तू एकटी असशील… हं… हं.

नाही, ऐकतेय. लहानपणीसुद्धा तू अशीच होतीस. दिवा मालवला की किंचाळायचीस. आईनं तुला तीन जाणत्यांकडे नेलं. एकानं तर मिरच्या जाळल्या, आठवतं? सगळे खोकत बाहेर पळाले आणि तू त्या धुरात बसून राहिलीस. धुराची नव्हती भीती तुला.

काय करू?… तुझ्या पाठचीशी बोलू? आत्ता?… कोण म्हणालं तुला असं?… शेजारच्या खाटेवरची. कुठली आहे ती?… वोनोसोबोची. तिकडे अजून पाळतात हे, तिला माहीत असणारच. बरोबर सांगितलं तिनं. मोठ्या कामाला निघायचं तर आधी पाठचीला सांगायचं. आपण जन्मलो की आपल्यामागून वार येते. एकाच पोटात, एकाच अंधारात नऊ महिने काढलेली. ती काय फेकून द्यायची वस्तू आहे? बहीणच ती… प्रास्तोवो म्हणू दे काय म्हणायचं ते. त्याच्या बापानंही त्याची पुरलीच असेल, विचार त्याला.

तुझी मीच पुरली. हो, खरं तर बापाचं काम. पण तुझा बाप साखर कारखान्यावर होता, गाळपाचे दिवस, सुट्टी मिळेना. तुझ्या आजीनं वार धुतली, मडक्यात ठेवली. मीठ, हळद, सुई-दोरा, वर फुलं. मी सोळा वर्षांची. नवं बाटिकचं कापड नेसवलं मला, तोंडाला पावडर लावली. ते मडकं शेल्यात बांधून कडेवर घेतलं, मूल घ्यावं तसं. डावीउजवीकडे बघायचं नाही, नाहीतर पोर तिरळी निघते. मी अशी नाकासमोर चालले की उंबऱ्याला ठेच लागली… हो, तुझे डोळे सरळ आहेत त्याचं पुण्य माझं. मग दाराच्या डाव्या अंगाला खड्डा. मुलगी होतीस ना. वर उपडी टोपली, टोपलीखाली दिवा. पस्तीस दिवस.

अगं नाही, टाळत नाहीये. गुडघा दुखतो जरा… जाते. का नाही जाणार.

उठले… थांब, काठी… हं. दारात आले. इथं आता सिमेंट आहे बरं का. तुगिमाननं ओतलं गेल्या वर्षी, मोटरसायकल लावायला… हो, तिथंच. त्याला काय ठाऊक? मी बोलायला हवं होतं, खरंय. नाही बोलले.

बसते… हुश्श. गार आहे गं. सगळं अंगण उन्हानं तापलंय, पाय ठेववत नाही. आणि एवढंच गार.

बोलते आता. तू ऐक नुसती.

वेनिंगच्या पाठचे, बाई… मी तुझी मावशी. तुझी ताई आज दवाखान्यात आहे. तिला थोड्या वेळासाठी झोपवणार आहेत. तिच्याजवळ राहा. तिला सुखरूप परत आण…

काय?… माझ्याशेजारी? कोणी नाही… रेडिओ बंद आहे… तुगिमानची बायको बाजारात गेली सकाळीच. अंगणात मी आणि कोंबड्या… बाईचा आवाज?… तुझ्यासारखा. मग तुझाच असेल, फिरून येतो कधीकधी या फोनमध्ये… तू बोलत नव्हतीस. खरं.

काय म्हणते?

…

पुन्हा सांग, वेनिंग.

‘दिवा नव्हता.’

आहे. आहे मी. फोन ठेवला नाही.

ऐक. हे तुझ्या आईला कधी सांगितलं नाही. आजीला नाही. दिवा सांभाळायचं काम माझं होतं. रोज संध्याकाळी टोपली उचलायची, तेल घालायचं. एकोणीस दिवस लावला, विसाव्या दिवशी मी तेल काढून घेतलं. बाजारात रॉकेल मिळेना तेव्हा, आणि कापणीच्या जत्रेला मला नवं पोलकं हवं होतं. ते तेल विकून मी पोलकं शिवलं. जांभळं. रोज संध्याकाळी बाहेर यायचे, टोपली उचलायचे, परत ठेवायचे, आत जाऊन सांगायचे, लावला दिवा. तू आत रडायचीस. आजी म्हणायची, पोट दुखत असेल…

नाही गं, तूच म्हण काय म्हणायचं ते. ऐकून घेते.

काय म्हणतेय आता?… ‘सोळा दिवस.’

आकडा मी सांगितला नव्हता… हो, पस्तिसातून एकोणीस गेले की सोळाच, पण तू आत्ता मोजत होतीस का?… नव्हतीस.

चिडली आहे का ती?… विचार तिला. मला नाही ऐकू येत, पोरी. मला फक्त तू ऐकू येतेस… थांब, असं करते. फोन खाली ठेवते, सिमेंटवर. तुम्ही दोघी बोला. बाहेर थांबलेत त्यांना म्हणावं, थांबा दोन मिनिटं. ठेवतेय.

…

…

घेऊ वर?… अजून नाही? बरं.

…

हॅलो?… हं, बोल. हसत होतीस तू. इथवर आलं. पाच-सहा वर्षांची असताना हसायचीस तसं… काय म्हणाली?

तिला सवय आहे अंधाराची.

हं… हं. कुठं काय लागतं, ते सगळं ठाऊक आहे म्हणते. पाऊल कसं टाकायचं ते… आणि?… ‘त्या वेळी मी मागून आले. या वेळी पुढे मी.’

तू काय म्हणालीस?… बरं म्हणालीस. बरं केलंस.

वेनिंग… मला काही म्हणाली का?… माझं नाव घेतलं?… नाही. नाही, राहू दे. तू विचारू नकोस. नाही म्हणाली तर नाही.

आता ऊठ. तोंड धू. पाणी गिळू नकोस, नाहीतर परत पाठवतील घरी. बिस्मिल्ला म्हण. कडी काढ… मी आहे. फोन त्याच्या हातात दे आणि मागं बघू नकोस.

…

कोण, प्रास्तोवो?… हो, मीच. ओरडू नकोस माझ्यावर, आली ना ती बाहेर? कागदावर सही झाली?… तिनं स्वतःच केली. बरं. चालत गेली की चाकाच्या खुर्चीवर?… चालत. मला सांगत राहा काय दिसतं ते… नर्स पुढे… लांब बोळ… हं.

दाराशी थांबली?… का?… बाजूला सरकली. कुणाला वाट दिली?… नर्स तर आधीच आत गेली म्हणतोस… मग?… आणि मग ती गेली. दार लागलं.

नाही, भुलीचं काही नाही. भूल अजून दिलीच नाहीये तिला. शुद्धीत आहे ती, तू काळजी करू नकोस… अरे, मला का विचारतोस? तू होतास तिथं.

ऐक, नीट ऐक. वीस मिनिटांनी आणतील तिला. शुद्धीवर आली की एकदम बोलायला लागू नकोस. आल्याचा गरम चहा आण, डॉक्टरीणबाईंनी चालेल म्हटलं की. आणि ते तुकडे तपासायला जातील ना, त्याचं जे उत्तर येईल ते आधी मला नको, तिला सांग. लपवायचं नाही. आपल्या घरात फार लपवलंय बायकांनी.

आणि आणखी एक. खुर्ची घेशील ती पलंगाच्या उजव्या बाजूला घे… उजव्या. डावीकडे बसू नकोस… पिशवीही ठेवू नकोस तिथं. जागा मोकळी राहू दे, एका माणसाची… कोणासाठी ते विचारू नकोस. ती सांगेल, सांगावंसं वाटलं तर.

इथं?… इथला गारवा गेला बघ. सिमेंट तापायला लागलंय. मला उठायला हवं… ठेव आता, बाळा.