आबांच्या खड्याची खिडकी

ताई: हा आबांचा खडा नाहीच.

भाऊ: अगं, नीट बघ तरी!

ताई: जन्म गेला माझा या सनस्टोनच्या खड्यांची प्रतवारी करण्यात. तुझ्याकडे पैलू पाडायला दिला तेव्हा डाळिंबासारखा लाल होता. आणि हे काय, साखरेचं पाणी?

भाऊ: घासताना रंग उतरला. होतं असं कधीकधी.

ताई: उतरायला ते काय कापड आहे? परवा त्या खड्यांच्या व्यापाऱ्याच्या दुकानात कशाला गेला होतास?

भाऊ: पाळत ठेवतेस माझ्यावर?

ताई: तुझ्या भावोजींनी पाहिलं.

भाऊ: वाटलंच! भावोजींना माझ्याशिवाय दुसरं काही दिसतच नाही. पॉलिशची पावडर आणायला गेलो होतो. विचार जा त्याला.

ताई: विचारलं.

भाऊ: मग?

ताई: पावडरच नेली म्हणाला. तुझाच दोस्त तो, दुसरं काय सांगणार?

भाऊ: वा! म्हणजे मी चोर, आणि तो माझा साथीदार.

ताई: तोंड चालवू नकोस. आई रिकामी अंगठी घेऊन बसलीय घरी. तिच्यासाठी म्हणून आबांनी राखलेला खडा हा. हा तो नाही निघाला, तर उद्या मी माझं टेबल इथून उचलते. दुकान तुझं तुला लखलाभ.

भाऊ: आणि निघाला तर?

ताई: भिंग दे.

भाऊ: कशाला?

ताई: तुला द्यायच्या आधी आतली एक खूण हेरून ठेवली होती मी. पार पोटात, दोन बारीक रेषा, फुलीसारख्या. तुला मुद्दाम सांगितली नाही.

भाऊ: मला पकडायला?

ताई: हो, पकडायलाच.

भाऊ: घे. दिव्याजवळ धर, म्हणजे मनात काही राहायला नको.

(ती बराच वेळ खडा फिरवून बघते.)

भाऊ: बोल ना आता.

ताई: आहे फुली.

भाऊ: मला फार लागलं हे, ताई.

ताई: मग लाल गेला कुठे? वरची बाजू कुठून काढलीस तू?

भाऊ: खिडकीच्या बाजूने. आत डोकावायला आबांनी घासून चकचकीत केलं होतं ना, तिथून. सगळे तसंच करतात. त्यातून तर खडा अख्खा लाल दिसत होता.

ताई: अरे देवा! सगळ्यांचं सोड, आबा खिडकी बुडाला उघडायचे. लाल थर तेवढाच होता रे, सायीएवढा पातळ, खिडकीच्या लगेच आत. तो तळाला राहिला असता तर वरून सगळा खडा लाल दिसला असता. तू नेमका तोच घासून टाकलास.

भाऊ: मला काय ठाऊक? आबा होते तोवर मी नुसतं पॉलिश करायचो. त्यांच्या शेजारी तू बसायचीस.

ताई: हो, मीच बसायचे.

भाऊ: मग सांगायचं नाही? पुडी टेबलावर टाकलीस आणि निघून गेलीस. एक शब्द बोलली नाहीस.

ताई: तू काय करतोस ते बघायचं होतं मला.

भाऊ: बघितलंस?

ताई: घासायच्या चाकाखालचं पाणी फेकलंस का रे?

भाऊ: नाही. गाळ आहे तसाच थाळीत.

ताई: लाल दिसतोय थोडा तरी?

भाऊ: नाही गं. पांढराच आहे. चुरा झाला की लालही पांढराच होतो.