लाजेची क्रोकेता

...नाही हो, विसरलेबिसरले नाहीत. त्या मोठ्या टेबलावर बशीत एकच क्रोकेता, तो तळलेला लांबट गोळा हो, उरलीय ना, ती आता कुणी घेणार नाही. लाजेची आहे ती. तुम्ही बाहेरचे दिसताय, म्हणून सांगते — आमच्याकडे सगळे एकाच बशीत खातात, आणि शेवटचा तुकडा उरला की एकदम सभ्य होतात. ‘तू घे.’ ‘छे छे, तू घे.’ तोवर आडवा हात मारलेला असतो, ते सोडा!

पाच जोडपी आहेत. माणशी ठरावीक दरात बटाटा-अंड्याची तोर्तिया, शिंपले, हॅमच्या क्रोकेता, पाव आणि वाइन — वाइन जरा जपूनच देते, कारण तो टकल्या बेनिग्नो बसलाय ना, त्याला ‘ठरावीक’ हा शब्द कळत नाही. अख्ख्या वायादोलिदमध्ये एवढ्या स्वस्तात कुणी घालेल का जेवायला? नाव नको! आणि वर म्हणतात काय, ‘आम्ही विसीला आधार म्हणून येतो हो.’ आधार! फुकटचा पाव तीनदा मागतात — आधाराला भूक फार लागते बाई.

विसी म्हणजे मी. आणि तो ग्रुप — हसू नका — माझाच. सहा जोडपी होतो आम्ही. दर महिन्याला याच टेबलावर, मी आणि माझा नवरा एउतिमियो, एप्रन काढून त्यांच्यात बसायचो. तो गेला मागच्या हिवाळ्यात. भांडण? कसलं भांडण! मातीला सगळे आले, ती लाल ब्लाउजवाली चारो तर माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली. पुढच्या महिन्यात जेवायला आले तेव्हा म्हणाली, ‘तू दमली असशील गं, तुला कशाला बसवायचं?’ केवढी ती काळजी! म्हणून मी उभी. जोडप्यांच्या टेबलावर एकटी बाई कुठे बसवणार, नाही का?

मग मी काय करते — तुम्हाला म्हणून सांगते हं — दहा जणांना अकरा क्रोकेता पाठवते. अकरावी उरतेच. टोकाला एक जास्तीची खुर्चीही ठेवते, म्हटलं कुणाला कोट टाकायला होईल... आता या उकाड्यात कोट कोण घालतंय म्हणा. पण एखाद्याला सुचेल ना — ‘विसी, ये गं, ही तू खा, बस जरा.’ एवढंच हवंय मला, दुसरं काही नाही. वेडेपणा आहे, कळतं मला. दर महिन्याला ती थंडगार होऊन परत येते आणि मी —

थांबा, चारोनं हात केला. मला? मलाच! बघितलंत? मी म्हटलं नव्हतं? अहो, ही एप्रनची मागची गाठ सोडा जरा — केस बरे आहेत ना? — आले गं, आले!

...

फोटो. फोटो काढून हवा होता त्यांना. छान आलाय, सगळे हसतायत. ‘विसी, ती रिकामी खुर्ची तेवढी बाजूला कर गं, फोटोत बरी दिसत नाही.’ केली. आणि ही बशी उचलून आणली. घ्या, खा तुम्ही. नको? तुम्हीही लाजता? मग आणा इकडे.

...मीठ बरोबर पडलंय.

पुढच्या महिन्यापासून दहा जणांना दहाच. बघता काय असे? तुमचं झालं असेल तर उठा बघू, मला टेबल पुसायचंय.