पॅनलला लावलेलं कुलूप

मग मला एवढंच सांगा साहेब, बटणाला कुलूप लावलेलं असेल तर ते दाबल्यावर टिक का वाजतं? नाही, तुम्ही विकत घ्यायला आलात, मशीन बघा, आरामात बघा, पण हे सांगा. दाबा ना हे लाल — वाजलं? आता मी लॅपटॉपवरून कुलूप लावतो... थांबा जरा... हां, रिमोटचा दिवा लागला, मशीन लॅपटॉपच्या ताब्यात गेलं. आता दाबा. वाजलं ना? तस्संच ना? बोटाला काही फरक कळला? नाही कळत. कोणालाच नाही कळत. वीजखात्याचे साहेब आलेले, त्यांना हेच विचारलं, ते म्हणाले इथे सही कर. मशीनवाल्या कंपनीला फोन लावला तर तिकडची मॅडम म्हणाली वॉरंटी संपलीय.

माझ्या ताईचं मशीन हे. रचना तिचं नाव. आम्ही टिटवाळ्याचे, मी नववीत सोडली शाळा, ती डिप्लोमा झालेली — आमच्या घरात पहिलीच. वागळे इस्टेटला नोकरी करत करत हा अर्धा गाळा घेतला तिने, एक्स-रे मशीनच्या केबली तपासायला. केबल त्या जाळीच्या आत लावायची, दार लावायचं, आणि इथे लॅपटॉपवर बसायचं. ही मागची जाड वायर बघितलीत? हिच्यातून लॅपटॉप मशीनशी बोलतो. एवढे व्होल्ट चढव. थांब. आता सांग किती करंट गळतोय. मशीन सांगतं, लॅपटॉप लिहून घेतो, सेकंदाला एक ओळ. ताई म्हणायची, बघ मित्या, हे तुझ्यासारखं नाही, विचारलं की उत्तर देतं.

तो डिंकाचा डाग ना? तो... पुसतो मी. घासलं की जाईल. कागद चिकटवलेला तिथे. काही नाही, असंच — 'बटणं चालत नाहीत, लॅपटॉपवरूनच बंद करा' असं. तिच्या अक्षरात, मोठ्ठं, लाल पेनाने. कुलूप लावलेलं ना पॅनलला, म्हणून. का लावलं म्हणजे? माझ्यामुळे लावलं. मला एका जागी बसवत नाही, साहेब, लहानपणापासून. एका केबलची टेस्ट पाच मिनिटं चालते, मी काय करणार पाच मिनिटं? एकदा हे चाक फिरवलं — म्हटलं, भराभर चढव, लवकर संपेल. केबल जळली. गिऱ्हाईकाने सगळा माल परत पाठवला. ताई ओरडली नाही. लॅपटॉपमध्ये एक ओळ घातली फक्त, की प्रोग्राम चालू असेपर्यंत पॅनलचं एकही बटण चालायचं नाही. मग म्हणाली, आता नाच तुला काय नाचायचं ते, मशीन माझंच ऐकणार. मी पण हसलो. आणि तो कागद — तो मीच काढला. चहाचा ग्लास ठेवायला काहीतरी पाहिजे होतं. दुसरा लाव हं, म्हणाली. लावतो म्हटलं.

अपघाताच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय तिची चूक. तुम्ही वाचला असेल, नाही तर दलालाने सांगितलं असेल. जाळीत हात घालायच्या आधी ती काठी लावायची असते, वायर बांधलेली, उरलेला करंट जमिनीत जातो. तिने लावली नाही. आता बाबा घरी येईल त्याला तेच सांगतात, आमची रचना फार घाई करायची हो. आई पण तेच म्हणते. घाई. ताई आणि घाई. ताई चपला पण जोडीने लावून ठेवायची.

नाही, मी होतो ना. इथेच होतो. दुपारचा चहा नुकताच झालेला. चोविसावी केबल. ती जाळीपाशी उभी, मी इथे. आतला चिमटा सुटायला लागला, ठिणगी उडाली, ती म्हणाली, मित्या, बंद कर. स्पेस दाबायची असते लॅपटॉपवर. तो माझ्या डाव्या हाताला होता, हा एवढा लांब. पण हे लाल बटण समोर होतं. मी हे दाबलं. टिक वाजलं. आकड्याकडे बघायचं असतं, शून्य झाला का — बघितलं नाही मी. ताईने विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं बंद.

मी म्हटलं ना तसं. म्हणून तिने दार उघडलं, आत हात घातला. काठी लावली नाही हे खरंय साहेब, पण ती घाई नव्हती. तिच्या भावाने सांगितलेलं बंद झालंय. मी परत दाबलं, परत, परत, दर वेळी टिक. मग भिंतीतला प्लगच उपटला. लॅपटॉपमध्ये मोजल्या मी ओळी. सहा. सहा सेकंद मी बटणच दाबत होतो.

हे कोणाला माहीत नाहीये. तुम्हाला का सांगितलं, मला पण नाही माहीत. तुम्ही काही बोलू नका. आज घरी जाऊन बाबांना सांगतो. तुम्हाला सांगता आलं, म्हणजे त्यांना पण येईल. आईसमोर सांगतो. मशीन न्या तुम्ही, टेम्पो बोलवा, घासाघीस नको. लॅपटॉप नाही मिळणार. काठी घेऊन जा, आणि तिकडे जो कोण पोरगा बसवाल मशीनवर, त्याला आकड्याकडे बघायला सांगा.

तिसऱ्या दिवशी आलेलो मी इथे, राख सोडून, तिचा डबा न्यायला. लॅपटॉप चालूच होता. त्याचा प्लग वेगळा, कोणाच्या लक्षातच आलं नाही. तो अजून मशीनला विचारत होता, सेकंदाला एकदा. सगळ्या पडद्यावर नो रिप्लाय, नो रिप्लाय, वर सरकवत गेलो तरी संपेना. तीन दिवस. तिनेच तसं लिहिलेलं, उत्तर आलं नाही तर परत विचार. मी उभा राहून बघत होतो, मग मला नाही बघवलं. मशीनचा प्लग भिंतीत लावला. पंखा फिरला. जरा वेळाने एक ओळ आली, शून्य. मग अजून एक, शून्य. नीट बघितला मी आकडा. दोनदा बघितला. मग स्पेस दाबली.