एक चिमूट खवा, एक वाटी ताक

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. पाटोद्याहून, नेकनूरहून, हातातली कामं टाकून तुम्ही आलात. मला सभेत बोलायची सवय नाही. आमच्या घरात बोलायचे ते आण्णाच. मी, त्यांचा धाकटा भाऊ, आमच्या खव्याच्या भट्टीवर दूध मोजून घ्यायचो आणि गप्प राहायचो. आज त्या गप्प राहण्याबद्दलच बोलायचं आहे. अडखळलो तर सांभाळून घ्या.

आधी एक स्पष्ट सांगतो. आण्णा लिव्हरच्या आजाराने गेले. तेव्हापासून पारावर कुजबुज आहे, 'चोरून पीत असणार.' मंडळी, माझ्या भावाने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. न पिणाऱ्याच्या लिव्हरमध्येही चरबी साठते. वर्षानुवर्षं साठते आणि दुखत नाही. म्हणून कळत नाही.

आण्णा खवा चाखायचे. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. कढईतून खव्याचा घाणा उतरला की आधी मालक खातो, मगच व्यापारी खवा तोलतो. प्रत्येक घाण्याला सुपारीएवढा गोळा, वर साखर. घरी पोळीवर तूप, दुधावरची साय. आणि दिवसभर बसून काम. आपण म्हणायचो, "आण्णा, तब्येत लई झकास हाय." ते पोटावर थाप मारायचे. "ही भट्टीची पाटी हाय बे, लांबूनच वाचा!" आपण हसायचो. मीही हसायचो.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. आण्णा तेव्हा तपासणीसाठी रक्त द्यायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, गोड बंद. खवा, साय, तळलेलं बंद, तूप अगदी कमी. रोज चाला, वजन उतरवा, अजून वेळ गेलेली नाही. मी विचारलं, दूधदुभतं सगळंच सोडायचं का? ते म्हणाले, "नाही हो. साधं दूध, दही, ताक मापात चालेल."

हे ऐकणारा मी एकटाच होतो.

काय काय बंद ते मी घरी सांगितलं, आणि आण्णांनी दुसऱ्या दिवसापासून खवा सोडला. सकाळी वेशीपर्यंत चालायला लागले. सदरा सैल झाला होता. मग एक दिवस भट्टीवर एक व्यापारी म्हणाला, "काय आण्णा, मालकच तोंड फिरवतोय, मग आमी कावून न्यावं?" सगळे हसले. त्याला मी दोष देत नाही. त्याने चेष्टा केली. पण माल पडून राहील म्हणून मी घाबरलो. मी आण्णांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "एक चिमूट खा. त्यांच्यासमोर फक्त."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाल्लं. मग प्रत्येक घाण्याला खाल्लं. चालणंही सुटलं.

घरी वहिनींनी धास्तीने दूधदुभतं सगळंच बंद केलं होतं, ताकसुद्धा. ताक चालतं, हे मला माहीत होतं. पण त्यांची काळजी बघून मी बोललो नाही. म्हणजे घरात आम्ही त्यांचं ताक तोडलं आणि भट्टीवर खवा चालू ठेवला. असं उलटं कोणी करतं का? आम्ही केलं.

शेवटच्या आठवड्यात जेवण जात नव्हतं. ते म्हणाले, "उत्तम, वाटीभर ताक दे की रे." वहिनी शेजारी उभ्या होत्या. आता हो म्हटलं, तर इतके दिवस गप्प का होतास, हे सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "डॉक्टर नको म्हणालेत, आण्णा."

डॉक्टर तसं कधीच म्हणाले नव्हते.

आण्णा म्हणाले, "बरं. तू सांगतोस तर न्हाई पीत."

वहिनी, तुमची चूक नाही. ताक चालतं हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. सांगणारा मी होतो. डॉक्टर मला नंतर म्हणाले, एका चिमटीने माणूस जात नाही. खरं असेल. पण ती एक वाटी मी देऊ शकलो असतो.

उद्या भट्टी पेटेल. घाणा उतरल्यावर मालक चाखणार नाही. ज्याचा विश्वास आहे त्याने न्यावा. आणि तुमच्यापैकी ज्यांचं पोट सुटलंय, त्यांनी तपासून घ्या. घरच्यांना सोबत आत न्या. डॉक्टर काय म्हणतात ते सगळ्यांना ऐकू द्या.

आण्णांच्या फोटोसमोर मी आज वाटीभर ताक ठेवलं आहे. उशीर झाला, आण्णा.

सगळ्यांनी उभं राहावं. दोन मिनिटं शांत राहू या. मी लई गप्प राहिलो. ही दोन मिनिटं तेवढी त्यांच्यासाठी.